पुन्हा न टोचलेली बोटं

आमच्या वसाहतीत वीज जात नसे.

ऊर्जानगर ही चंद्रपूरच्या औष्णिक वीज केंद्राची वसाहत, तिथल्या माणसाला यात सांगण्यासारखं काही वाटणार नाही. वीज तिथंच तयार होते, ती जाणार कुठं? पण नवं शतक लागल्यानंतरच्या त्या वर्षांत आमच्या कुंपणाबाहेर लोडशेडिंगनं लोक हैराण झाले होते. चंद्रपूर शहरात काही तास, तालुक्याला त्याहून जास्त, आणि खेड्यात तर वीज पाहुण्यासारखी यायची. पोंभुर्ण्याला माझी आई गिरणी केव्हा चालू राहील ते विचारून मग दळण काढायची. इकडे माझी मुलं पंखा बंद न करता शाळेत जात आणि तो दिवसभर रिकाम्या खोलीला वारा घालत राही. गावाहून कुणी आलं की त्या पंख्याकडे बघायचं. बोलायचं काही नाही, नुसतं बघायचं. मला तेवढं पुरे व्हायचं.

मी केंद्रात इन्स्ट्रुमेंट विभागात होतो. बॉयलरचा दाब, वाफेचं तापमान दाखवणारी उपकरणं खरं बोलतात की खोटं, हे बघणं माझं काम. मी स्वतः फार बोलणारा नाही. कॉम्प्युटरचा नाद लागला तो त्यामुळेच असावा. मासिकाबरोबर येणाऱ्या सीडीवरून मी घरच्या घरी लिनक्स शिकलो होतो आणि वसाहतीत कुणाचं मशीन अडलं की हाक मला यायची.

गडचिरोलीच्या पलीकडे जंगलात एक छोटा दवाखाना होता. तिथल्या डॉक्टरांची एकदा ओळख झाली आणि सुट्टीच्या दिवशी मी त्यांचं कॉम्प्युटरचं काम करून द्यायला लागलो. लोक म्हणायचे, सेवाभाव आहे. मला माहीत होतं की तो पंखा आहे.

दवाखान्याचं मोठं काम सिकलसेलचं. आपल्याकडे हा आजार किती घरांत आहे हे वेगळं सांगायला नको. रक्तातल्या पेशी विळ्यासारख्या वाकतात, पोरं वाळत जातात, हाडं ठणकतात. पण त्याहून कितीतरी जास्त माणसं अशी, की ज्यांना स्वतःला काही होत नाही, नुसता तो गुण अंगात असतो. अशा दोघांचं लग्न लागलं तर लेकरांना आजार होऊ शकतो. म्हणून सोयरीक जुळवण्याआधी कुणाच्या रक्तात काय आहे ते कळलेलं बरं.

हे गावोगाव समजावून रक्त गोळा करणाऱ्या एक नर्स होत्या. त्यांना सिस्टर कुणी म्हणत नसे. सगळे बाईच म्हणत, मीही. माझ्याहून वयानं मोठ्या, त्याच जंगलपट्टीतल्या, गोंडी अस्खलित बोलणाऱ्या. त्यांचं पहिलं शिबिर मी पाहिलं होतं. नदीकाठच्या गावात कुणी बोट पुढं करेना. रक्त शहरात नेऊन विकतात अशी बोलवा होती. शेवटी गावचा म्हातारा पाटील उठला.

"बाई, आमच्या कोंबडीलेबी आमी एकदाच कापतो. तू मान्साले किती बार टोचशीन?"

"एकदाच," बाई म्हणाल्या.

"आज एकदा मनशीन, मंग पुढच्या सालीबी येशीन सुई घेऊन."

"पाटील, या गावात एका बी बोटाले दुसऱ्यांदा सुई लागली, तं मले गावाच्या शिवेवरूनच परत पाठव."

पाटलानं स्वतःचं बोट पुढं केलं. त्याच्या मागं अख्खं गाव बसलं. पुढं ही गोष्ट आजूबाजूच्या गावांत पसरली आणि बाईंना प्रत्येक ठिकाणी तेच वचन द्यावं लागलं. एक बोट, एकदाच. बाईंचं सगळं काम त्या एका शब्दावर उभं होतं.

रक्ताच्या नळीवर नंबर असायचा. कागदावर फक्त नाव आणि नंबर. प्रयोगशाळेत पट्टीवर निकाल उमटला की तो स्कॅन होऊन थेट कॉम्प्युटरमध्ये जायचा, कारण पट्टी थोड्याच दिवसांत पिवळी पडे. लोकांना द्यायची कार्डं अजून छापून यायची होती. म्हणजे निकाल होता तो त्या एका मशीनमध्येच. गाव, गावात टोला म्हणजे वस्ती, टोल्यात घर, घरात माणूस, असा प्रत्येकाचा वेगळा फोल्डर, आत निकाल आणि शिबिरात काढलेला फोटो. ही मांडणी बाईंची. माणूस घराबाहेर ठेवलेला त्यांना चालत नसे.

आता माझं काम सांगतो.

मशीन जुनं होतं. मेमरी एकशे अठ्ठावीस एमबी. डिस्क मात्र मी मोठी बसवली होती. रोज दुपारी जेवणाच्या सुट्टीत सगळ्या फोल्डरांची एक नक्कल आपोआप निघेल अशी सोय केली. त्यात युक्ती होती. जी फाइल बदललेली नाही ती पुन्हा लिहायची नाही, आहे त्याच फाइलला आणखी एक नाव जोडायचं. जागा जात नाही आणि रोजचा दिवस वेगळा जपला जातो. मला स्वतःचं फार कौतुक वाटलं. त्याआधी बाई दर आठवड्याला सीडीवर नक्कल काढून घ्यायच्या. मीच म्हणालो, "बाई, आता त्याची काही गरज नाही." त्यानंतर जुन्या सीडीही कुणी जपून ठेवल्या नाहीत.

सगळ्या नकला त्याच डिस्कवर होत्या. डिस्क गेली तर सगळंच जाणार, हे मला कळत नव्हतं असं नाही. पण मी वीज न जाणाऱ्या घरात बसून ठरवत होतो.

पुढं दवाखान्याकडचं लोडशेडिंगचं वेळापत्रक बदललं आणि वीज नेमकी जेवणाच्या सुट्टीत जायला लागली. यूपीएसची बॅटरी तोवर म्हातारी झाली होती. रोज नक्कल निम्मी व्हायची आणि मशीन धाडकन बंद पडायचं. आणखी एक. ठरावीक वेळा चालू-बंद झालं की मशीन सुरू होताना आपली डिस्क आपणच तपासून बघतं. एवढ्याशा मेमरीत ती तपासणी इतकी रेंगाळायची की वीज असलेला वेळ तिच्यातच संपायचा. प्रयोगशाळेतल्यांनी तक्रार केली. मी एक ओळ लिहिली आणि ती तपासणीच बंद करून टाकली. अलार्म कटकट करतो म्हणून बॉयलरवरच्या अलार्मची वायर कुणी काढली असती, तर त्याला मी स्वतः साहेबांपुढं उभं केलं असतं.

लगीनसराई तोंडावर आली तेव्हा बाईंचा फोन आला.

"भाऊ, गाव दिसून राह्यलं. घरं दिसून राह्यली. मान्सं नाई जी आत."

मूल गावी गाडी बदलून, वैनगंगा ओलांडून पोचलो. बाई म्हणाल्या तसंच होतं. फोल्डर उघडला की आत रिकामं, नाहीतर भलत्याच खुणा. वाचता येईल तेवढं उतरवून घ्यावं म्हटलं तर ते फारच थोडं निघालं. बंद केलेली तपासणी हातानं सुरू केली. तिचे पाच टप्पे असतात. पहिलाही पुरा झाला नाही. मेमरी मिळत नाही, असं म्हणून प्रोग्रामनं हात वर केले. पुन्हा सुरू केली, पुन्हा तिथंच. तिसऱ्यांदा वीजच गेली.

डॉक्टर म्हणाले, "डिस्क नागपूरला पाठवू. मोठी दुकानं आहेत, माहिती काढून देतात."

बाई खुर्चीवरून उठल्या. "कोनाच्या पोरीच्या रक्तात का हाये, थे दुकानातल्या पोट्ट्यानं वाचाचं? आन मंग तिचं लगन मोडलं तर? नाई सर. गावानं मले देल्लं, दुकानाले नाई देल्लं."

बाई माझ्याकडे वळल्या.

मी तेव्हाच सगळं सांगितलं. तपासणी मी बंद केली, सीडी मी थांबवल्या, नकला एकाच ठिकाणी मी ठेवल्या. बोलताना टेबलाकडे बघत होतो.

"बरं," बाई म्हणाल्या. "मंग दुरुस्त कोन करन?"

"मी करतो."

"नाई झालं तं?"

नाही झालं तर काय, ते आम्हा तिघांनाही माहीत होतं. बाईंना त्याच गावांत, त्याच पाटलापुढं सुई घेऊन उभं राहावं लागणार होतं. आणि तो शिवेवरूनच परत पाठवणार होता. त्यात त्याची काही चूकही नसती.

डिस्क दुपट्ट्यात गुंडाळून मांडीवर घेतली आणि एसटीत बसलो. शेजारच्या बाईनं विचारलं, "का हाये जी त्यात? देव हाये का?" मी म्हटलं, "हो, तसंच काहीतरी." तिनं बिचारीनं सरकून जागा दिली.

घरी पहिलं काम शहाणपणाचं केलं. एक नवी डिस्क आणून मूळ डिस्कची जशीच्या तशी नक्कल तिच्यावर उतरवली. जे काय प्रयोग करायचे ते नकलेवर. पण माझं घरचं मशीनही दवाखान्यातल्याच वयाचं आणि तेवढ्याच मेमरीचं. मेमरी वाढवावी तर त्या जातीची चंद्रपुरात कुणाकडे नव्हती. केंद्रातली मशीनं दणकट होती, पण बाहेरची डिस्क गेटच्या आत नेता येत नाही, आणि ते योग्यच आहे.

प्रोग्राम अडतो कशानं, ते मला हळूहळू उमगलं. तो आधी सगळ्या फाइली बघतो आणि कुठल्या फाइलला किती नावं जोडलेली आहेत ते डोक्यात ठेवतो. मग एकेक फोल्डर फिरून ती नावं खरंच जागेवर आहेत का ते ताडून बघतो. फोल्डर किती, कोण कुणाच्या पोटात, हेही डोक्यातच. आणि मी काय करून ठेवलं होतं? प्रत्येक माणसाचा वेगळा फोल्डर, त्या सगळ्याची रोज एक नक्कल, आणि प्रत्येक फाइलला रोज एक नवं नाव. त्याच्या डोक्यात मावणार कसं? माझ्या हुशारीनंच त्याचा कोंडमारा केला होता.

डिस्कचा एक भाग मेमरीसारखा वापरायला काढून दिला, त्याला स्वॅप म्हणतात. मशीन दिवसभर कुरकुरत राहिलं, आकडा हलला नाही, आणि शेवटी सिस्टिमनंच प्रोग्राम मारून टाकला. जवळ काय आहे आणि लांब काय टाकलंय याचा धरबंदच राहत नव्हता.

मग मी ड्यूटी सुटली की चंद्रपूरच्या एका सायबर कॅफेत जाऊन बसायला लागलो. तिथंही वीज नसायचीच. बाहेर जनरेटर धूर ओकत असे आणि आत माणसं घाम पुसत मेल बघत. परदेशातले लोक एकमेकांना लिहितात ते जुने निरोप मी वाचत गेलो. इंग्रजी मला बेताचं. एकेक ओळ दोनदा. आणि एका दुपारी सापडलं. माझ्याच जातीचा घोटाळा कुणाचा तरी झालेला. रोजच्या नकला, एकेका फाइलला ढीगभर नावं, थोडी मेमरी. आणि उत्तर आलं होतं, की तपासणीच्या प्रोग्रामच्या नव्या आवृत्तीत एक सोय आहे. एका छोट्या फाइलीत दोन ओळी लिहून प्रोग्रामला जागा दाखवून द्यायची. मग तो ते सगळे तक्ते मेमरीत न ठेवता त्या जागी, डिस्कवर, नीट लावून ठेवतो, आणि लागेल तेव्हा हवा तेवढाच उचलून बघतो. खाली लिहिलं होतं की फार वेळ लागेल.

वेळ! वेळ म्हणजे वीज. आणि वीज माझ्या घरी होती.

मी कॅफेतल्या खुर्चीत एकटाच हसलो. शेजारच्या माणसानं मान वळवून पाहिलं.

नवी आवृत्ती पेन ड्राइव्हवर आणली, घरी मशीनवर बसवून घेतली, दोन ओळी लिहिल्या. मोठ्या थाटात सुरू केलं. थोड्या वेळात पुन्हा तेच. मेमरी नाही. मी डोकं धरून बसलो. मग लक्षात आलं. मशीन मी सीडीवरून सुरू केलं होतं, आणि सीडीवरून चालणारी सिस्टिम आपले फोल्डर कुठं ठेवते? मेमरीत. मी प्रोग्रामला दाखवलेली जागासुद्धा मेमरीतच होती.

बायको दाराशी उभी राहून ऐकत होती. म्हणाली, "म्हंजे टाकीतलं पानी बादलीनं उपसून त्याच टाकीत टाकून राह्यले तुमी."

"हो."

"आन पगार देतेत तुमाले इंजिनाजवळ उभं राहाले?"

मी तिच्याकडे बघितलं आणि दोघंही हसायला लागलो. कितीतरी दिवसांनी.

माळ्यावर एका मोडीत काढलेल्या मशीनची छोटी डिस्क पडली होती. ती पुसून तिसरी म्हणून जोडली आणि जागा तिच्यावर दाखवली. शनिवारी सकाळी तपासणी सुरू केली. पहिला टप्पा पुढं सरकत राहिला. ज्या आकड्यावर दरवेळी मरायचा तो आकडा आला. आकडा गेला, त्याच्या पुढचा आला.

पण वेग बैलगाडीचा. एवढं मोठं काम चाललंय आणि क्वार्टरचा फ्यूज तर आमचा जगजाहीर! इस्त्री आणि पाणी तापवायचा रॉड एकदम लावला की उडायचा. मी घरात इस्त्रीबंदी जाहीर केली. रॉड बंद, मिक्सर बंद. चटणी पाट्यावर. सोमवारी मुलं चुरगळलेल्या कपड्यांत शाळेत गेली. बायको कुंपणाशी उभी राहून शेजारणीला सांगत होती, "आमच्या घरी पेशंट हाये, बाई. आवाज नाई कराचा, इस्त्री नाई कराची."

ड्यूटीवर मी पॅनेलसमोर उभा असे आणि डोक्यात घरचा आकडा. युनिटचा लोड जरा हलला की मी दाबाचे काटे पुन्हा ताडून बघायचो. एरवी युनिट ट्रिप झालं, म्हणजे वीजनिर्मितीचा संच बंद पडला, की आम्ही मुंबई-पुण्याचा विचार करतो. त्या दिवसांत मी माझ्या घरच्या एका खोलीचा विचार करत होतो, आणि माझ्या हाताखालच्या उपकरणांवर इतकं बारीक लक्ष मी नोकरीत कधी ठेवलं नसेल.

बाईंचा एसटीडी बूथवरून फोन आला.

"भाऊ, कुठलोक आलं?"

"दुसरा टप्पा चालू आहे बाई. हळू आहे, पण थांबलेलं नाही."

"पैले थांबे, आता काऊन नाई थांबत?"

मी सांगितलं, की आधी सगळं डोक्यात ठेवत होता, आता बाहेर मांडून ठेवतो. बाई म्हणाल्या, "म्हंजे तेंदूपत्त्याच्या फडावानी. मुनशी पुडे का डोक्यात ठेवते? जमिनीवर ओळीनं मांडते आन मंग चालत जाऊन मोजते."

"अगदी तसंच, बाई."

"मंग चालू द्या त्याले. पाय दुखतीन, पन मोजन बरोबर."

फड म्हणजे उन्हाळ्यात गावाबाहेरचं ते मोकळं मैदान, जिथं आणलेले बिडीच्या पानांचे पुडे रांगेनं वाळत घालतात आणि मुनशी, म्हणजे कंत्राटदाराचा कारकून, ते मोजतो. लहानपणी मीही त्या रांगांमधून पळालो आहे. मला हे सुचलं नव्हतं, आणि बाईंना सुचल्याचा मला फार आनंद झाला. फोन ठेवल्यावर मी मशीनसमोर बसून त्या प्रोग्रामला त्या रांगांमधून वाकून चालताना बघत राहिलो.

पुढच्या दिवशी दुपारी ड्यूटीवरून परतलो, सायकल लावतोय तोच बायको बाहेर आली. "तुमचं मशीन गप झालं."

गप म्हणजे दोन गोष्टी, मेलं किंवा पुरं झालं. चपला न काढता आत गेलो. पडद्यावर पाचही टप्पे ओळीनं उभे होते. शेवटी लिहिलं होतं की डिस्क दुरुस्त केली आहे, आणि खाली फाइलींची एकूण संख्या. प्रोग्राम मेला नव्हता. काम पुरं करून उभा होता.

आता ती गोष्ट लिहितो, जी आजवर कुणाला सांगितली नाही. चूक मी लगेच कबूल केली होती, तिचं ओझं वेगळं. लपवला तो आनंद. मी त्या खोलीत दार लावून टाळ्या वाजवल्या. उड्या मारल्या, त्या वयाच्या आणि त्या वजनाच्या माणसानं. खुर्चीला मिठी मारली म्हटलं तरी चालेल. पुढं लोकांनी विचारलं तेव्हा "झालं कसंतरी" एवढंच म्हणत आलो. ज्यानं बिघडवलं त्यानं दुरुस्तीचा तोरा मिरवू नये, असं मला वाटायचं. आता पन्नाशी उलटून गेली आहे आणि मला तसं वाटत नाही. मी जिंकलो होतो. एकशे अठ्ठावीस एमबीत जिंकलो होतो.

दोन दिवसांनी बाई स्वतः आल्या, सकाळच्या पहिल्या गाडीनं. बहुतेक गावं आपापल्या जागी परत आली होती. पण बरेचसे फोल्डर असे होते की ज्यांचा मालक प्रोग्रामला सापडला नाही. असे बेवारस फोल्डर तो एका ठिकाणी जमा करून ठेवतो. आतलं सगळं शाबूत, बाहेरचं नाव मात्र गेलेलं, नुसता एक आकडा. मी म्हटलं, कागदावरच्या नंबरांवरून एकेक जुळवू. बाई म्हणाल्या, "थांबा, पैले फोटू दाखवा."

पहिला फोल्डर उघडला. कपाळावर आठ्या घातलेला एक माणूस.

"हा! हा नदीकाठचा. त्या दिवशी दारू पिऊन आला, आन मने माझं रक्त तिखट निंघन." बाई खदखदून हसल्या. "लिवा, खालचा टोला."

"खात्री आहे ना बाई?"

"त्याच्या बायकोनं माझ्यासमोर हानला त्याले. विसरन का मी?"

पुढचा. "हे बहिनी-बहिनी. हिनं सुई पाह्यली आन झाडावर चढली." पुढचा. "अगाई, ह्या म्हाताऱ्यानं दात नाई मनून तोंडच नाई उघडलं फोटूले." प्रत्येक घर आकड्यातून उठून आपल्या टोल्यात जाऊन बसत होतं, आणि मी मागं कागदावरचा नंबर पडताळून खूण करत होतो. एकही चुकला नाही. बायकोनं पोहे आणून ठेवले, ते तसेच थंड झाले. मग तीही येऊन बसली आणि फोटो बघायला लागली, निकाल आम्ही उघडतच नव्हतो. मुलं शाळेतून आली, अजून इस्त्रीबंदीतच, तीही बसली. आमच्या त्या बैठकीच्या खोलीत त्या दिवशी किती गावं येऊन गेली!

दुपार कलताना शेवटचा फोल्डर घरी गेला. बाईंनी डोळ्यांवरून पदर फिरवला आणि म्हणाल्या, "भाऊ, आता इस्त्री लावा बावा. लेकरं कशी दिसून राह्यली!"

दवाखान्यातलं मशीन मी पुन्हा उभं केलं. जुन्या नकला बऱ्याच कमी केल्या, त्यामुळे प्रोग्रामला मांडायचे पुडेही कमी झाले. त्या दोन ओळी तिथंही लिहून ठेवल्या. नवी बॅटरी आली. तपासणी पुन्हा सुरू केली, आणि ती सकाळच्या विजेतच, त्याच एवढ्याशा मेमरीत, पुरी होऊन मोकळी व्हायला लागली. नक्कल काढायची वेळ मी ठरवली नाही, वेळापत्रक समोर ठेवून बाईंनी ठरवली. सीडी परत सुरू झाल्या, आणि एक सीडी दर महिन्याला एसटीनं ऊर्जानगरला माझ्याकडे यायची.

लगीनसराईत बाईंनी मला एकदा सोबत नेलं. नदीकाठचंच गाव. पाटलाच्या नातीची सोयरीक बाजूच्या गावात जुळत होती, दोन्हीकडची माणसं मांडवाच्या सावलीत बसली होती. बाईंना बघून पाटलानं जोहार केला, पण चेहऱ्यावर संशय. बाईंच्या खांद्यावरच्या पिशवीकडे त्याचं लक्ष.

"आली का परत, बाई?"

"आली ना."

पाटलानं हात पुढं केला आणि बोट काढून धरलं. मागं त्याच्या नातीनंही तसंच केलं, मग तिच्या आईनं. एवढी बोटं माझ्यासमोर हवेत धरलेली होती, आणि मला तिथून पळून जावंसं वाटलं आणि तिथंच उभं राहावंसंही वाटलं.

बाईंनी पिशवीत हात घातला. कार्डं काढली. नव्यानं छापून आलेली, प्रत्येकावर नाव आणि निकाल.

"ठेव बोट खाली, पाटील. मी एकदाच मनली होती."

पाटलानं कार्ड उलटंसुलटं करून पाहिलं, वाचता येत नव्हतं तरी. मग नातीच्या हातात दिलं. बाई तिला आणि मुलाकडच्यांना थोड्या अंतरावर घेऊन गेल्या आणि हळू आवाजात समजावायला लागल्या. इकडे एकेक बोट खाली आलं. कुणीतरी हसलं. पाटील माझ्याकडे बघून म्हणाला, "हा कोन मानूस, बाई?"

"वीज बनवते ऊर्जानगराले," बाई तिकडूनच ओरडल्या.

"मंग आमच्याइकडे काऊन नाई पाठवत?"

सगळा मांडव हसला. मीही हसलो. तेवढ्या एका दुपारी त्या प्रश्नाला मी घाबरलो नाही.